मालिका संपली, पुढे काय?



३० नोव्हेंबर २०२४ रोजी 'आई कुठे काय करते' ही मालिका संपली. २३ डिसेंबर २०१९ ला सुरू झालेली ही मालिका जवळजवळ पाच वर्षं चालली. भोईवाड्यातल्या आमच्या सल्ला केंद्रात मात्र ती अजून संपलेली नाही. नवऱ्याचं बाहेरचं प्रकरण सांगताना एखादी बाई 'आमच्याकडे पण एक संजना आहे' एवढंच म्हणते आणि थांबते. पुढचं मला कळलं असं ती गृहीत धरते, आणि मला ते कळलेलं असतंही. दुसरी म्हणते, 'ताई, मला अरुंधतीसारखं बाहेर पडायचंय.' तिसरीला सासू ऐकवते, 'जास्त अरुंधती बनू नकोस.' एकाच नावाचा एकीला आधार होतो आणि दुसरीला तेच टोमणा म्हणून ऐकावं लागतं.

अंकाचं संपादकीय मालिकांवर कशाला, असं काहीजणींना वाटेल. चळवळीत आपण मालिकांबद्दल सहसा दोनच सुरांत बोलत आलो. एक कुत्सित सूर : दागिने, भरजरी साड्या, कटकारस्थानं, वेळेचा अपव्यय. दुसरा निषेधाचा सूर : स्त्रीची विकृत प्रतिमा, परंपरेचं उदात्तीकरण. दोन्हींत तथ्य आहे. पण ज्या बायकांसाठी आपण काम करतो त्या रोज संध्याकाळी, भाकरी थापता थापता, वर्षानुवर्षं ही माणसं पाहत आल्या आहेत. आपल्या शिबिराला त्या वर्षातून दोनदा येतात. तेव्हा या मालिकांनी नेमकं काय दिलं, काय हिरावलं आणि काय मागे ठेवलं, याचा हिशोब मांडायला हवा.

सुरुवात थोडी मागून करते. ७ जुलै १९८४ रोजी दूरदर्शनवर 'हम लोग' सुरू झाली. ही आपल्याकडची पहिली मोठी कौटुंबिक मालिका, आणि ती निव्वळ करमणुकीसाठी नव्हती. मेक्सिकोत मिगेल साबिदो यांनी साक्षरता, कुटुंबनियोजन असे विषय कौटुंबिक मालिकांत गुंफले होते. तेव्हाचे माहिती व नभोवाणी मंत्री, आपल्या नागपूरचे वसंत साठे, यांनी तो प्रयोग पाहिला आणि तसाच इथे व्हावा असं ठरवलं. मनोहर श्याम जोशींनी लेखन केलं. भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन चार शब्द सांगत. त्या कथेतली आई भगवंती अशी रंगवली होती की सोसणाऱ्या बाईचे हाल पाहून लोकांनी विचार करावा. झालं भलतंच. पुढे अरविंद सिंघल आणि एव्हरेट रॉजर्स यांनी या मालिकेचा अभ्यास केला, तेव्हा आढळलं की कित्येक प्रेक्षकांनी, त्यांत बायकाही आल्या, भगवंतीलाच आदर्श मानलं होतं. जिची कीव यावी अशी योजना होती तिला लोकांनी हात जोडले.

ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. पडद्यावर काय दाखवलं यावरून घरात काय पोचलं हे ठरत नाही. पाहणारी बाई आपलं आयुष्य सोबत घेऊनच पाहते. जिला सोसण्याशिवाय मार्गच ठाऊक नाही, ती सोसणारीत स्वतःला पाहते आणि तिला निदान कुणीतरी चांगलं म्हणतंय याचं समाधान मानते.

त्याच काळात वेगळ्या बायकाही पडद्यावर आल्या होत्या. १९८५ मध्ये 'रजनी' आली. आपल्या प्रिया तेंडुलकरने साकारलेली ही गृहिणी गॅसच्या सिलिंडरपासून सरकारी खिडकीपर्यंत सगळीकडे जाब विचारायची. १९८९ मध्ये कविता चौधरीची 'उडान' आली, पोलीस अधिकारी होणाऱ्या मुलीची. ती कविताच्या बहिणीच्या, कांचन चौधरी भट्टाचार्य यांच्या, आयुष्यावर बेतलेली होती. कांचनताई २००४ मध्ये उत्तराखंडच्या पोलीस महासंचालक झाल्या. देशात त्या पदावर पोचलेल्या त्या पहिल्या स्त्री. मराठीत १९९७ मध्ये सह्याद्रीवर 'दामिनी' आली. प्रतीक्षा लोणकरची ती पत्रकार दुपारच्या वेळी घराघरांत अन्यायाशी भांडत होती. १९९९ मध्ये अल्फा मराठी सुरू झाल्यावर 'आभाळमाया'तली सुधा जोशी आली : कॉलेजात शिकवणारी, नवऱ्याचं दुसरं नातं कळल्यावरही ताठ उभी राहणारी. सुकन्या कुलकर्णींची ती सुधा आमच्या पिढीने शाळेत असताना आयांच्या शेजारी बसून पाहिली. नवऱ्याने असं वागणं ही बाईची नामुष्की नाही, हे मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकण्याआधी आम्ही ते तिथे पाहिलं.

मग वारं फिरलं. जुलै २०००मध्ये हिंदीत 'क्योंकि सास भी कभी बहू थी' सुरू झाली आणि सासू-सून हाच जगाचा मध्य झाला. मराठीत २००१ च्या नोव्हेंबरात सुरू झालेली 'चार दिवस सासूचे' जानेवारी २०१३ पर्यंत, म्हणजे अकरा वर्षांहून जास्त, चालली. तीन हजारांवर भाग! या घरांत बायका नोकरी करत असल्या तरी कथा स्वयंपाकघर, देवघर आणि जिना यांतच फिरे. बाईची शत्रू बाईच, हे रोज सांगितलं जाई. पुरुष बहुधा भोळे. त्यांच्या हातातली सत्ता दिसतच नसे, कारण ती बायकांमार्फत चालवली जाई. २०१३ ते २०१६ या काळातल्या 'होणार सून मी ह्या घरची'ने तर एका नायकाला सहा आया दिल्या आणि जान्हवीसारखी गुणी सून दिली. जान्हवीचं मंगळसूत्र दुकानादुकानांत त्याच नावाने विकलं गेलं. मंगळसूत्र घालावं की नाही यावर आपण केलेल्या चर्चा एका बाजूला राहिल्या आणि कोणत्या पद्धतीचं घालावं हे मालिकेने ठरवून टाकलं.

पुढचं वळण २०१६ चं. 'माझ्या नवऱ्याची बायको'तली राधिका, नागपूरकडची, वऱ्हाडी बोलणारी, फसवणूक कळल्यावर नवऱ्याला सोडते आणि मसाल्यांचा व्यवसाय उभा करते. २०१९ मध्ये 'अग्गंबाई सासूबाई'त सून आपल्या सासूचं दुसरं लग्न लावून देते. आणि मग अरुंधती. मूळ बंगाली 'श्रीमोयी'वरून घेतलेली ही कथा पुढे हिंदीत 'अनुपमा' म्हणूनही गाजली. मोठी मुलं असलेल्या बाईने घटस्फोट घ्यावा, गाणं गावं, पुन्हा लग्न करावं, आणि हे सगळं आजी-आजोबांसह घरातल्यांनी एकत्र बसून पाहावं, ही साधी गोष्ट नाही. मालिकेच्या नावातच बाईच्या बिनमोल कामाचा प्रश्न होता. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या बायकांची रोजची सरासरी २९९ मिनिटं आणि पुरुषांची ९७ मिनिटं निघाली. हा आकडा मी गटात सांगते तेव्हा बायका माना डोलावतात. 'आई कुठे काय करते' एवढं म्हटलं की मात्र हसू फुटतं, आणि मग प्रत्येकीची गोष्ट बाहेर येते.

मालिकांनी समाज बदलतो का, याचा अभ्यास झालेला आहे. रॉबर्ट जेन्सन आणि एमिली ऑस्टर या अर्थशास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ या काळात भारतातल्या काही राज्यांतली खेडी अभ्यासली. त्यांत आपला शेजारचा गोवाही होता. जिथे केबल टीव्ही नव्याने पोचला तिथे मारहाण योग्य मानणाऱ्या बायकांचं प्रमाण घटलं, मुलगाच हवा हा हट्ट कमी झाला, स्वतःचे निर्णय घेण्याची मुभा थोडी वाढली. ब्राझीलमध्येही टीव्हीवरच्या मालिकांतली छोटी कुटुंबं पाहणाऱ्या भागांत मुलांची संख्या घटल्याचं संशोधन आहे. म्हणजे ज्या मालिकांना आपण प्रतिगामी म्हणत होतो, त्यांनीही कुठेतरी खिडकी उघडली. दुसऱ्या घरात दुसऱ्या तऱ्हेने जगता येतं, एवढं दिसणंही बंद दारामागे राहणाऱ्या बाईला मोठं असतं.

पण त्यावर समाधान मानून थांबता येत नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत देशातल्या ५२ टक्के बायकांनी, काही ना काही कारणासाठी नवऱ्याने मारणं योग्य आहे, असं म्हटलं होतं. २०१९–२१ च्या पाचव्या फेरीत हे प्रमाण ४५ टक्क्यांवर आलं. पुरुषांचं मात्र ४२ वरून ४४ वर गेलं. बायका हळूहळू बदलताहेत आणि पुरुष जागच्या जागी आहेत. याचं श्रेय किंवा दोष मी एकट्या मालिकांना देत नाही. पण जाणीव वाढलेली बाई आणि न बदललेला नवरा एकाच खोलीत राहतात, तेव्हा काय होतं हे आमच्या केंद्राच्या दारात रोज दिसतं.

आणि खोली म्हणजे खोलीच. नायगावच्या बीडीडी चाळीतली खोली १६० चौरस फुटांची. मालिकेतलं घर बंगल्याचं. तिथे भांडण झालं की बाई वरच्या मजल्यावर निघून जाते, दार लावते, रडते, विचार करते. आमच्याकडची बाई रडायला सामायिक नळावर जाते. या फरकातून एक फार व्यावहारिक प्रश्न उभा राहतो, आणि हे संपादकीय मुख्यतः त्यासाठीच लिहिते आहे.

मालिकांनी शिकवलेला स्वाभिमानाचा सर्वांत देखणा प्रसंग म्हणजे घर सोडणं. मागे संगीत, हातात एक बॅग, उंबरठ्यावर थबकलेलं पाऊल. आमच्याकडे येणाऱ्या कितीतरी जणींच्या मनात न्याय म्हणजे हाच प्रसंग असतो. पंचेचाळिशीच्या एका बाईने मला सांगितलं, 'मी सगळं त्यांच्या तोंडावर फेकून निघणार, मला त्यांचं काही नको.' तिच्या सासऱ्यांच्या नावावर चाळीतली भाड्याची खोली होती आणि पुनर्विकासाची बोलणी सुरू होती. बीडीडी चाळींच्या पुनर्विकासात पात्र भाडेकरूला ५०० चौरस फुटांचं घर मिळणार आहे. बावीस वर्षं त्या खोलीत राबून, नेमक्या त्याच वेळी 'मला काही नको' म्हणून ती बाहेर पडणार होती. तिच्या नवऱ्याला आणखी काय हवं होतं?

कायदा वेगळं सांगतो. कौटुंबिक हिंसाचारापासून स्त्रियांचे संरक्षण अधिनियम २००५ चा. तो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्याच्या कलम १७ प्रमाणे सामायिक घरात राहण्याचा बाईला हक्क आहे, मग त्या घरावर तिचं नाव असो वा नसो. कलम १९ खाली दंडाधिकारी तिला घराबाहेर काढू नये असा आदेश देऊ शकतात. हिंसा करणाऱ्या नवऱ्यालाच बाहेर जायला सांगू शकतात. मध्यंतरी २००६ च्या बात्रा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सासू-सासऱ्यांच्या नावावरच्या घराला हा हक्क नाकारला होता. १५ ऑक्टोबर २०२० रोजी सतीशचंदर आहुजा विरुद्ध स्नेहा आहुजा या खटल्यात ती चूक दुरुस्त झाली. घर सासऱ्यांचं असलं तरी सुनेचा राहण्याचा हक्क तपासावा लागतो. यातून मालकी मिळत नाही हे खरं. पण डोक्यावरचं छप्पर आणि बोलण्याची जागा टिकते. पोटगीची आणि घराची मागणी त्या जागेवरून करता येते. रस्त्यावरून ती करणं फार अवघड असतं.

म्हणून मी बायकांना सांगते : जीव धोक्यात असेल तर क्षणभरही थांबू नका, बाहेर पडा, शेजारी जा, पोलीस ठाण्यात जा. आणि तशा वेळी बाहेर पडल्याने तुमचा हक्क संपत नाही, हेही लक्षात ठेवा. पण केवळ स्वाभिमानाच्या भरात घर सोडू नका. रेशनकार्ड, भाडेपावत्या, मुलांचे दाखले, दवाखान्याचे कागद यांच्या प्रती आधी काढून ठेवा. राहून लढण्यातही स्वाभिमान आहे. हा प्रसंग पडद्यावर मी कधी पाहिलेला नाही : बाई संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज भरते आहे, नवरा शेजारच्या पलंगावर बसून धुसफुसतो आहे, आणि ती रात्रीची भाजी निवडते आहे. त्याला पार्श्वसंगीत कसलं देणार?

मालिकेतलं कोर्ट दोन भागांत निकाल देतं. कायद्याने कलम १२ च्या अर्जाची पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत व्हावा, असं म्हटलंय. प्रत्यक्ष तारखा कशा पडतात हे कोर्टाच्या बाकावर बसलेल्या बायकांना विचारा. मालिकेने हिंमत दिली, पण तारखांसाठी लागणारा धीर दिला नाही. ते काम आपलं.

पैशाचंही तसंच. राधिका मालिकेत बघता बघता कंपनीची मालकीण झाली. परळ-लालबागला मसाले आणि स्वयंपाक यांवर घर चालवणाऱ्या बायका नव्या नाहीत. गिरणी कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळवाल्या होत्याच. सावकाराच्या व्याजात अडकलेल्या त्या बायकांना एकत्र करून प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं, बँकांना त्यांना कर्ज द्यायला लावलं. त्याआधी १९५९ मध्ये गिरगावात सात जणींनी लिज्जत पापड सुरू केला होता. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि पुढे कित्येक घरांत पगार परत आलाच नाही, तेव्हा या भागाला अशाच बायकांच्या हातांनी जगवलं. या सगळ्या कथांत एक गोष्ट समान आहे : कुणीही एकटीने केलेलं नाही. मालिकेतली नायिका एकटी जिंकते. बाकीच्या बायका तिच्याभोवती टाळ्या वाजवायला किंवा कट करायला असतात. संघटना, मंडळ, गट हे शब्द तिच्या जगात क्वचितच येतात. चार दशकांत मालिकांनी बाईला आत्मसन्मान शिकवला असेल, पण एकमेकींचा हात धरायला शिकवलं नाही. आणि तिच्या घरी भांडी घासणाऱ्या बाईची कथा कधी सांगायची, हे तर अजून कुणी ठरवलेलंच नाही.

आणखी एक खूण आमच्या बचतगटाच्या वहीत दिसते. पूर्वी लग्नासाठी कर्ज म्हणजे हॉल आणि जेवण. आता मेंदी, संगीत, हळदीसाठी सगळ्यांचे पिवळे कपडे, डोहाळजेवणाचा फुलांचा झोपाळा. मालिकेतल्या लग्नांचे भाग आठवडाभर चालतात आणि त्याचे हप्ते आमच्या बायका दोन वर्षं फेडतात. हौस असू नये असं मी म्हणणार नाही. बाईच्या आयुष्यात हौसेचे दिवस मोजकेच. पण ही हौस कुणी ठरवली आणि कर्ज कुणाच्या नावावर निघालं, हे विचारायला हवं.

मग करायचं काय? टीव्ही बंद करा असं सांगणं हा उर्मटपणा ठरेल. आम्ही गेले काही महिने गुरुवारच्या बैठकीत एक साधा प्रयोग करतो आहोत. आठवड्यात पाहिलेला एखादा प्रसंग कुणीतरी सांगते आणि मग आम्ही चार प्रश्न विचारतो. हे घर कुणाच्या नावावर आहे? तिच्याजवळ स्वतःचे पैसे किती आहेत आणि ते कुठून आले? अडचणीच्या वेळी तिच्या बाजूने कोण उभं राहिलं? कायद्याची, पोलिसांची, संस्थेची मदत तिने का घेतली नाही? पहिल्या दोन बैठकींत नायिकेची चर्चा झाली. तिसऱ्या बैठकीत एकजण म्हणाली, 'तिचं जाऊ दे, माझी खोली कुणाच्या नावावर आहे तेच मला माहीत नाही.' त्या दिवशी अकरा जणी होत्या. त्यांतल्या सात जणींना ते माहीत नव्हतं. पुढच्या गुरुवारी पाच जणी भाडेपावती घेऊन आल्या.

'हम लोग' चालू असताना प्रेक्षकांनी दूरदर्शनला चार लाखांच्या आसपास पत्रं पाठवली होती. थोरली मुलगी बडकी हिने अश्विनीशी लग्न करावं की नाही, हे मुली तिला पत्राने कळवत होत्या. इतका जीव आपल्याकडच्या बायका पडद्यावरच्या मुलीला लावतात. त्यातला थोडा शेजारच्या खोलीतल्या मुलीलाही लावता येईल. तिच्याकडे रात्री आवाज वाढला तर आपण आपल्या टीव्हीचा आवाज वाढवतो की दार वाजवतो, हा प्रश्न या अंकाच्या निमित्ताने मी तुमच्यापुढे ठेवते आहे.

तुमच्या गटात, तुमच्या चाळीत हे चार प्रश्न विचारून पाहा. काय उत्तरं आली ते आम्हाला लिहा. पोस्टकार्ड चालेल, मुलीकडून लिहून घेतलेलं चालेल. निवडक पत्रं पुढच्या अंकात नावं न देता छापू. आणि पत्र लिहिण्याआधी घरातली भाडेपावती एकदा काढून त्यावरचं नाव वाचा.